मुंगीचं शास्त्रीय नाव कसं शोधायचं आणि कसं लिहायचं

ओट्यावरून चाललेल्या मुंगीचा वरून फोटो काढून ‘ही कोणती?’ असं विचारलं, तर जाणकारालाही बहुतेक वेळा ठाम नाव सांगता येत नाही. फोटोत रंग आणि आकार दिसतो, पण मुंग्यांचं वर्गीकरण ज्या खुणांवर उभं आहे त्या दिसत नाहीत. कमरेला गाठी किती, पोटाच्या टोकाला नांगी आहे की भोक, मिशीचे तुकडे किती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या खुणा कशा पाहायच्या, त्यांवरून कुठपर्यंत पोचता येतं आणि मिळालेलं नाव नीट कसं लिहायचं, ते क्रमाने पाहू.

आधी शिडी समजून घ्या. जगात मुंग्यांच्या १४,००० हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत आणि त्या सगळ्या फॉर्मिसिडी या एकाच कुलात येतात. हे कुल मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्याच गणातलं, म्हणजे हायमेनॉप्टेरातलं. कुलाखाली उपकुल, त्याखाली वंश (जीनस) आणि शेवटी जाती (स्पीशीज). उपकुल आणि वंश यांच्यामध्ये ट्राइब नावाची एक पायरी असते, पण सुरुवातीला तिची गरज पडत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या यादीत १० उपकुलं, १०० वंश आणि जाती-उपजाती धरून ८२८ नावं आहेत. महाराष्ट्रात घर, अंगण, टेकडी आणि शेत एवढ्या परिसरात सहा उपकुलं ओळखता आली तरी बहुतेक काम होतं.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच, वीसपट असेल तर उत्तम. तीन मिलिमीटरपेक्षा लहान मुंग्यांसाठी ४० पटीपर्यंत जाणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तो असतो. याशिवाय शून्य नंबरचा मऊ ब्रश, पांढरी बशी, झाकणाच्या छोट्या कुप्या आणि ९५ टक्के इथेनॉल घ्या. नुसती रचना पाहायची असेल तर ७० टक्क्यांचं अल्कोहोलही चालतं, मात्र पुढे डीएनए काढायची शक्यता असेल तर ९५ टक्केच वापरा. हँड सॅनिटायझर नको. जेल अंगाला चिकटतं आणि अंगावरचे केस दिसेनासे होतात. अल्कोहोलमध्ये रंग हळूहळू उतरतो, म्हणून जिवंतपणीचा रंग तेव्हाच लिहून ठेवा.

पायरी १: मुंगीच आहे ना?

कामकरी मुंगीची मिशी कोपरातून वाकलेली असते: पहिला तुकडा लांब, मग वळण, पुढे लहान लहान तुकडे. धड आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते आणि तिच्यावर एक किंवा दोन सुट्या गाठी असतात. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच पुढे जा.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणत असले तरी ती मुंगी नव्हे. ती झुरळांच्या गणातली आहे. तिची मिशी सरळ, मण्यांच्या माळेसारखी असते आणि कंबर जाड असते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणाऱ्या पंखवाल्या किड्यांत दोघांची गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे असतात. केसाळ लाल-काळी ‘मखमली मुंगी’ ही बिनपंखी गांधीलमाशीची मादी असते आणि जोरात डंखते. हुमल्यांसारखा, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्यांसारखा दिसणारा एक उडीमार कोळीही आहे. त्याचे पाय आठ आणि मिशा नाहीत, एवढं पाहिलं की प्रश्न मिटतो.

पायरी २: एक नको, वारुळातल्या दहा-बारा घ्या

नवख्यांचं सर्वाधिक नुकसान इथे होतं. फायडोली वंशात लहान कामकऱ्यांबरोबर प्रचंड डोक्याच्या मोठ्या कामकरी असतात. दोन्ही वेगळ्या कुपीत पडल्या तर दोन जाती सापडल्यासारखं वाटतं. मुंगळ्यांतही लहान-मोठ्या कामकऱ्यांचं डोकं फार वेगळं दिसतं. म्हणून एकाच वारुळातल्या सर्व आकारांच्या मुंग्या एका कुपीत ठेवा, राणी किंवा पंखवाला नर दिसला तर तोही घ्या, आणि दोन वारुळांच्या मुंग्या एकत्र करू नका. वर्णनं आणि किल्ल्या (एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारे तक्ते) मुख्यतः कामकऱ्यांवर लिहिलेल्या असतात. फक्त नर हाती असेल तर बहुतेक किल्ल्या निरुपयोगी ठरतात.

कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. चिठ्ठी अशी: ‘महाराष्ट्र, पुणे, वेताळ टेकडी; १८.५२ उ., ७३.८२ पू.; १२ ऑगस्ट २०२४; दगडाखालचं वारूळ; संग्राहकाचं नाव.’ ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ वायाच. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काहीही गोळा करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते.

पायरी ३: कंबर मोजा

मुंगी बशीत आडवी ठेवा आणि बाजूने पाहा. वरून पाहिलं तर मागची गाठ पोटाचाच भाग वाटते आणि पहिलाच फाटा चुकतो.

दोन गाठी दिसल्या तर बहुधा मिर्मिसिनी. हे सर्वांत मोठं उपकुल आहे. पण दोन गाठी, खूप मोठे डोळे आणि बारीक लांब अंग असं असेल तर स्युडोमिर्मेसिनी. आपल्याकडे त्यात टेट्रापोनेरा हा एकच वंश आहे. झाडाच्या खोडावर फिरणारी, काळं डोकं, तांबडं धड आणि काळं पोट असलेली टेट्रापोनेरा रूफोनायग्रा एकदा डंखली की विसरत नाही. दोन गाठी आहेत, पण डोळे अजिबात नाहीत आणि मिशीचे तुकडे दहा किंवा त्याहून कमी? मग ती डोरिलिनीतली एनिक्टस, म्हणजे रांगेने धाड घालणारी फौजी मुंगी.

एकच गाठ असेल तर पोटाकडे वळा. पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मध्ये आवळल्यासारखी खाच असेल आणि टोकाला नांगी असेल तर पोनेरिनी. डायकॅमा यातलीच: गाठीवर दोन काटे आणि अंगभर हाताच्या ठशासारख्या रेषा. लांब, वर वळलेले जबडे आणि डोक्याच्या पुढच्या भागात मोठे डोळे असतील तर हार्पेग्नॅथॉस. ती उडी मारते, त्यामुळे कुपीचं झाकण हाताशी ठेवा.

खाच नाही, नांगीही नाही, तर दोन शक्यता उरतात. पोटाच्या टोकाला गोल भोक आणि त्याभोवती केसांची झालर असेल तर फॉर्मिसिनी. त्या भोकातून फॉर्मिक आम्ल फवारलं जातं. आडवी चीर असेल तर डॉलिकोडेरिनी. भोक दिसत नसेल तर मुंगी पोट वर करून ठेवा आणि प्रकाश बाजूने पाडा. डॉलिकोडेरिनीतल्या काही मुंग्या चिरडल्या की उग्र, कुजकट वास येतो. शाळेच्या पोरांनाही कळणारी ही खूण आहे, पण तिला दुय्यम पुरावाच माना.

एक सापळा लक्षात ठेवा. घरात फिरणारी, काळ्या डोक्याची आणि फिकट पोटाची दीड मिलिमीटरची टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम हिची गाठ पोटाखाली दडलेली असते. नवखा ‘गाठच नाही’ म्हणतो आणि किल्लीत अडकतो. गाठ असतेच, पोट जरा मागे ओढून पाहावं लागतं.

पायरी ४: मिशीचे तुकडे मोजा

वंशाकडे जायचा हा सर्वांत पक्का रस्ता आणि सर्वांत कंटाळवाणाही. मोजणी बुडाकडच्या लांब तुकड्यापासून सुरू करा, तोच पहिला. टोकाकडचे दोन-तीन तुकडे जाड होऊन गदेसारखे दिसतात. ते किती हेही लिहा. दोन्ही मिशा मोजा, कारण एकीचं टोक तुटलेलं असणं नेहमीचंच आहे.

मिर्मिकारिया म्हणजे सात तुकडे. मेरानोप्लस नऊ, आणि धडावर ढालीसारखा पसरट भाग. सोलेनॉप्सिस दहा, गदा दोन तुकड्यांची, धडावर काटे नाहीत. फायडोलीत बहुधा बारा, गदा तीन तुकड्यांची आणि धडाच्या मागच्या टोकाला सहसा दोन काटे. क्रेमॅटोगॅस्टर तर मोजायच्या आधीच ओळखू येते: पोट बदामाच्या आकाराचं, वरून चपटं, आणि कमरेची दुसरी गाठ पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली. डिवचलं की ती पोट डोक्यावर घेते.

फॉर्मिसिनीत मुंगळ्यांचा कॅम्पोनोटस आधी शिका. मिशी जिथून निघते ती जागा तोंडाच्या वरच्या पट्टीपासून दूर, मागे असते आणि धडाची वरची रेषा बाजूने सलग कमानीसारखी दिसते. अशीच मिशी, पण धडावर किंवा गाठीवर काटे असतील तर बहुधा पॉलिरॅकिस. पानं शिवून घरटं करणारे हुमले म्हणजे ईकोफिला स्मॅराग्डिना. त्यांची गाठ लांबट आणि बुटकी असते. घरात वेड्यासारखी इकडेतिकडे पळणारी, लांबलचक पाय आणि मिशांची काळसर मुंगी बहुधा पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस.

एक उदाहरण शेवटपर्यंत

स्वयंपाकघरात तांबूस मुंग्यांची रांग आहे आणि त्यांत काहींची डोकी मोठी आहेत. कंबर पाहिली: दोन गाठी, डोळे आहेत पण फार मोठे नाहीत. मिर्मिसिनी. मोठी डोकी पाहून ‘फायडोली’ म्हणायचा मोह होतो. इथे थांबून मिशी मोजा. दहा तुकडे, गदा दोघांची आणि काटे नाहीत, म्हणजे सोलेनॉप्सिस. मोठ्या कामकऱ्यांचं डोकं मागून मधोमध खोलगट, दोन फुगवट्यांचं असेल तर सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिकेतली आणि आता उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरलेली डंखणारी मुंगी.

बारा तुकडे आले, गदा तीन तुकड्यांची आणि काटे नाहीत, तर मोनोमोरियम किंवा ट्रायकोमायर्मेक्स. डोकं आणि धड बारीक जाळीमुळे मंद दिसत असेल, रंग पिवळसर आणि लांबी सुमारे दोन मिलिमीटर असेल तर मोनोमोरियम फॅरओनिसकडे जा. डोकं बरंचसं चकचकीत, कामकऱ्यांचे आकार कमीजास्त आणि पोट गडद असेल तर ट्रायकोमायर्मेक्स डिस्ट्रक्टर. ‘लाल मुंगी’ या एका घरगुती नावाखाली अशा निदान तीन वेगळ्या वंशांच्या मुंग्या येतात, म्हणून नोंदवहीत घरगुती नाव जरूर लिहा, पण त्यावरून ओळख ठरवू नका.

किल्ली वापरताना ती कोणत्या प्रदेशासाठी लिहिली आहे ते पाहा. अमेरिकेची किल्ली घेतली तरी ती कुठल्या ना कुठल्या नावापर्यंत नेतेच, आणि ते नाव चुकीचं असतं. भारतासाठी बिंगहॅम यांचा १९०३ सालचा खंड अजूनही उपयोगी पडतो, पण त्यातली अनेक नावं आज बदलली आहेत.

पायरी ५: मोजमाप

जातीपर्यंत जाताना अनेकदा आकडे लागतात. डोकं अगदी समोरून, सपाट धरून त्याची रुंदी आणि लांबी मोजा, मग मिशीच्या पहिल्या तुकड्याची लांबी. रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणलं की डोक्याचा निर्देशांक मिळतो. रुंदी ०.६० मिमी आणि लांबी ०.७५ मिमी असेल तर ८०. डोकं थोडं जरी मागे कललं तरी लांबी कमी भरते आणि निर्देशांक खोटाच वाढतो. एका वारुळातल्या पाच तरी मुंग्या मोजा आणि कमाल-किमान दोन्ही लिहा.

मापासाठी मुंगी सुईवर चढवायची तर थेट सुई टोचू नका. जाड कागदाचा निमुळता त्रिकोण कापून सुईत ओवा, त्याच्या टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थेंब लावा आणि मुंगी उजव्या बाजूने चिकटवा. गोंद मधल्या-मागच्या पायांच्या बुडाशीच राहिला पाहिजे. तो कमरेवर चढला तर सगळ्यात महत्त्वाची खूणच झाकली जाते.

पायरी ६: नाव लिहा

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, वंश आणि जाती. रोमन लिपीत ते तिरक्या अक्षरांत, वंशाचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान. पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल, साध्या अक्षरांत. मुंगळ्याचं पूर्ण नाव: कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस (फॅब्रिसियस, १७८७).

तो कंस शोभेचा नाही. फॅब्रिसियस यांनी १७८७ मध्ये या मुंगीला फॉर्मिका कॉम्प्रेसा म्हटलं होतं, कारण त्या काळी बहुतेक सगळ्या मुंग्या फॉर्मिकातच टाकल्या जात. मायर यांनी १८६१ मध्ये कॅम्पोनोटस वंश मांडला आणि ही जाती पुढे तिकडे गेली. वंश बदलला की मूळ नावकर्ता कंसात जातो; पहिल्याच वंशात असेल तर कंस नाही. त्यामुळे कंस काढणं किंवा हौसेने घालणं, दोन्ही चुकाच. शेपटीही बदलते, कारण जातीचं नाव विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं. फॉर्मिका स्त्रीलिंगी म्हणून कॉम्प्रेसा, कॅम्पोनोटस पुल्लिंगी म्हणून कॉम्प्रेसस. काळ्या डोक्याच्या मुंगीचं मेलॅनोसेफॅला असंच टॅपिनोमात येऊन, टॅपिनोमा नपुंसकलिंगी असल्याने, मेलॅनोसेफॅलम झालं.

प्राण्यांची नावं आंतरराष्ट्रीय नियमावलीने चालतात. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे आणि लिनेयसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीआधीची नावं ती धरत नाही. मुख्य तत्त्व म्हणजे आधी दिलेलं नाव टिकतं. त्याचा एक भारतीय दाखला फार बोलका आहे. जर्डन यांनी १८५१ मध्ये दक्षिण भारतातल्या एका पिवळ्या, लांब पायांच्या मुंगीला फॉर्मिका लाँगिपेस म्हटलं. पण हेच जोडनाव आधी दुसऱ्याच एका मुंगीला दिलेलं होतं. एकाच वंशात तेच नाव दोनदा चालत नाही, म्हणून जर्डनचं नाव बाद झालं आणि स्मिथ यांनी १८५७ मध्ये दिलेलं ग्रॅसिलिपेस वापरात आलं. आज ती अ‍ॅनॉप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस आहे. जुन्या लेखांत ती अ‍ॅनॉप्लोलेपिस लाँगिपेस म्हणून सापडली तर ती वेगळी मुंगी समजू नका.

पायरी ७: नाव आज चालू आहे का?

यासाठी अँटकॅट हे संकेतस्थळ उघडा. प्रत्येक नाव कुणी, कधी दिलं, कुठे हलवलं आणि कशाचं समानार्थी ठरलं, हे तिथे मिळतं. नमुन्यांचे समोरून, बाजूने आणि वरून घेतलेले फोटो अँटवेबवर आहेत. आपली मुंगी त्याच तीन बाजूंनी धरून ताडा. हे टाळलं तर जुनं नाव छापलं जातं. ट्रायकोमायर्मेक्स डिस्ट्रक्टर २०१५ पर्यंत मोनोमोरियम डिस्ट्रक्टर होती, आणि जर्डनने १८५१ मध्ये तिला अट्टा डिस्ट्रक्टर म्हटलं होतं. उपकुलंही हलतात: २०१४ मध्ये पाच उपकुलं डोरिलिनीत विलीन झाली, म्हणून जुन्या भारतीय लेखांतल्या एनिक्टिनी आणि सेरापॅकिनी आता त्याच नावाखाली शोधायच्या.

मुंबई प्रांतातले वनाधिकारी रॉटन यांच्या संग्रहातल्या एका मुंगीची गोष्ट यात चपखल बसते. फोरेल यांनी १८९० मध्ये तिला एमेरिया रॉटोनी असं, वंशासकट नवं नाव दिलं. पुढे तो वंश कार्डिओकॉन्डिलातच मोडतो हे कळलं. एमेरिया हे नाव बाद झालं, पण जातीचं नाव टिकलं आणि आज ती कार्डिओकॉन्डिला रॉटोनी (फोरेल, १८९०) आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या मुंग्यांवरच्या लेखांत चार-चार शब्दांची नावंही दिसतात: वंश, जाती, उपजाती आणि त्यावर आणखी एक प्रकार. त्यातला चौथा शब्द नियमावलीनुसार नाव म्हणून धरला जात नाही.

पायरी ८: कुठे थांबायचं

वंश पक्का आणि जाती नाही, तर ‘फायडोली जाती १’ असं लिहा आणि तोच क्रमांक कुपीवर टाका. दुसरी वेगळी फायडोली सापडली की ‘जाती २’. हे अर्धवट काम नाही. जंगलातल्या मुंग्यांच्या पाहण्या बऱ्याचदा अशाच छापल्या जातात. एखाद्या जातीशी बरंच जुळतं पण खात्री नाही, तर वंश आणि जाती यांच्यामध्ये ‘सीएफ’ हे संक्षिप्त रूप टाकतात. अंदाजाने पूर्ण नाव लिहिलं तर ते पुढच्या यादीत खरं म्हणून उतरतं आणि काढायला वर्षं लागतात. फायडोली, क्रेमॅटोगॅस्टर आणि कॅम्पोनोटसमध्ये तर नवख्याने वंशापाशीच थांबावं.

डीएनए बारकोड, म्हणजे जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक छोटा तुकडा, मदतीला येतो. त्यासाठी एक पायही पुरतो आणि बाकीचा नमुना शाबूत राहतो. पण तुलनेच्या साठ्यात त्या जातीचा खात्रीने ओळखलेला बारकोड असेल तरच नाव मिळतं, नाहीतर हाती नुसती अक्षरांची ओळ येते.

कशाशीच जुळत नाही, म्हणून ‘नवी जाती’ म्हणू नका. बहुधा किल्ली चुकली असते, नाहीतर जुनं वर्णन फार तोकडं असतं. जर्डनच्या काळातली वर्णनं चार-पाच ओळींची आहेत आणि त्यांच्या बऱ्याच मूळ नमुन्यांचा आज पत्ता नाही. खरोखर नवी असेल तर नाव केवळ छापून चालत नाही. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवावा लागतो, नाव कायम त्याच्याशी बांधलं जातं, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते लेखात लिहावं लागतं. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या लेखाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद लागते. होलोटाइपला लाल चिठ्ठी लावायची पद्धत आहे. तो घरच्या कपाटात न ठेवता प्राणी सर्वेक्षण संस्थेसारख्या किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस), इतर अभ्यासकांना नमुना तपासू देणाऱ्या संग्रहात द्या, आणि त्याच वारुळातल्या उरलेल्या मुंग्यांपैकी काही दुसऱ्या संग्रहात ठेवा. एक संग्रह जळाला किंवा बुरशीने गेला तर पुढच्या अभ्यासकाला पाहायला काहीतरी उरतं.